वरच्या मजल्याची वायर

माझे सासरे कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. 'फोरमनसाहेब' म्हटलं की ते वळून बघतात. त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं, आता स्वतः आजोबा झालेली, रस्त्यात भेटली तरी हातातली सिगारेट पाठीमागे लपवतात. बाबांनी कधी कुणावर हात उगारला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. ते नुसते थांबून बघायचे, आणि चूक करणाऱ्याला घाम फुटायचा.

घरातही शेवटचा शब्द त्यांचा. पण त्यात जाच नव्हता, हे आधीच सांगते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकाचा ओटा मला ठेंगणा पडतो हे माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गवंड्याला बोलावून तो उंच करून घेतला, आणि नंतर कितीतरी दिवस मलाच विचारत राहिले, "आता पाठ नाही ना दुखत?" असा माणूस. फक्त एका दाराला त्यांनी मनातून कुलूप घातलं होतं, आणि ते दार आमच्याच घराच्या तळमजल्यावर होतं.

घर दुमजली, बाबांच्या वडिलांनी बांधलेलं. वर आम्ही चौघं: बाबा, सासूबाई, मी आणि माझा नवरा. खाली बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, आणि काकू. काका शाळेची बस चालवायचे. त्यांची मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. एके काळी या घरात एकच स्वयंपाकघर होतं आणि दोघे भाऊ एकाच ताटातून जेवत, असं सासूबाई सांगतात. मी ते पाहिलेलं नाही.

दोघा भावांचं बिनसलं ते त्यांच्या आईच्या आजारपणात. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. काका म्हणाले, या वयात तिला कापू नका, घरी राहू दे. बाबा म्हणाले, आशा असेल तर प्रयत्न करायचा. थोरले म्हणून होकार त्यांनी दिला. म्हातारी ऑपरेशनमधून परत आली नाही. पुढच्या दिवसांत कधीतरी, भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरलेली असताना, काका सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं समाधान? मारलीस तिला."

बाबा उठले, जिना चढून वर आले आणि त्यानंतर त्यांनी खालच्या दाराकडे मान वळवली नाही. वर यायचा जिना बाहेरून, पुढच्या फाटकापाशी. खालच्यांचं जाणंयेणं बाजूच्या बोळातून. ठरवलं तर एकमेकांचं तोंड न बघता राहता यायचं, आणि दोघांनीही ठरवलं होतं. मी सासरी आले त्या दिवशी बॅग उघडायच्या आत सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "खालच्यांचा विषय या घरात काढायचा नाही. तेवढं सांभाळ. बाकी तुझे सासरे म्हणजे लोणी आहेत."

मी सांभाळलं. सगळेच सांभाळत होतो. म्हणून काकांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हाही आम्ही सांभाळलंच.

तेव्हा बाबा माझ्या नणंदेकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, राहायला गेले होते. अँब्युलन्स आली, काकांना नेलं, काही दिवसांनी परत आणलं. उजवी बाजू गेली होती. बाबा परत आले तोवर खाली सगळं शांत झालेलं. माझा नवरा म्हणाला, "सांगू या का?" सासूबाईंनी मान हलवली. "मागे एकदा मी नुसतं म्हटलं की खाली पाहुणे आलेत वाटतं, तर दोन दिवस जेवले नाहीत. राहू दे. योग्य वेळ बघून मी सांगते." योग्य वेळ काही येईना. सासूबाई दुपारी बाबांचा डोळा लागला की हळूच खाली जाऊन यायच्या, कधी मी जायचे. काकूंना कामात तेवढाच हातभार लागायचा. काकांच्या स्कूटरवर कव्हर चढलं ते उतरलंच नाही. गॅलरीतून बाबांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण विचारायचं नाही हा नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांनाही लागू होता.

मग टीव्ही बिघडला.

बिघडला म्हणजे आधी नुसता अडखळायला लागला. बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड चौकोनाचौकोनात फुटायचं, आवाज तुटायचा, मग चित्र गोठून बसायचं. पुन्हा चालू व्हायचं. काही चॅनल दिसायचे, काहींवर नुसती 'सिग्नल नाही' अशी पट्टी. बाबांना संध्याकाळच्या बातम्या आणि मॅच एवढंच लागायचं, पण ते लागायचंच.

पहिल्या दिवशी त्यांनी सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी बॉक्सच्या मागची पिन काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवली. मग स्टूल आलं, पक्कड आली, चष्म्यावर दुसरा चष्मा आला. भिंतीच्या कडेनं गेलेली वायर त्यांनी खिडकीपर्यंत बोटांनी चाचपत नेली. एका ठिकाणी ती कपाटामागे दुमडली होती. "ही बघ, हिची मान मोडलीये," म्हणत त्यांनी खोलीतली सगळी वायर नवीन घातली, टोकं सोलून पिना स्वतः बसवल्या. काम इतकं नीटस की बघत राहावं. टीव्ही लावला. बातम्यांच्या बाईचे पुन्हा तुकडे.

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना. पेपर येतो की घरी. टीव्ही नाही बघितला तर काय आभाळ कोसळतंय?"

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "तू कधीपासून टीव्हीच्या विरोधात गेलीस?"

सासूबाईंची भीती मला कळत होती. घरात केबल पहिल्यांदा घेतली तेव्हा घर एकच होतं. खांबावरची वायर तळमजल्यावर उतरायची आणि खालच्या मागच्या खोलीतून आमच्याकडे वर यायची. वर सगळं ठीक असेल, तर दुखणं खाली होतं. आणि खालच्या मागच्या खोलीत काका झोपलेले होते.

शेवटी बाबांनी केबलवाल्याला बोलावलं. उंचच उंच, वाकूनच दारातून येणारा माणूस. सगळी वस्ती त्याला 'अँटेना' म्हणते आणि तोही फोनवर "अँटेना बोलतोय" असंच सांगतो. त्यानं बॉक्सची वायर काढून आपल्या छोट्या मीटरला लावली, आकडा बघितला आणि ओठ वाकडे केले.

"साहेब, तुमच्या घरात काही दोष नाही. वर येतोय तोच सिग्नल मेलेला आहे. खाली बघावं लागेल."

"खाली नको," बाबा म्हणाले. "खांबावरून सरळ वर नवीन वायर ओढ."

"मध्ये विजेच्या तारा आहेत. तशी ओढता येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे साहेब, खाली जाऊन एक नजर टाकतो."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ अँटेनानं आपल्या सोयीचा लावला आणि तो गेला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात फडकं होतं. त्या ते पिळत होत्या, आणि फडकं कोरडं होतं.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. बाबांकडे न बघता तो मीटर पिशवीत ठेवू लागला.

"सापडलं?"

"सापडलं साहेब. खालच्या मागच्या खोलीत... म्हणजे तिथून तुमची वायर वर येते ना, तिथं एक स्प्लिटर बसवलाय. एका वायरीच्या दोन केल्यात. एक वर, एक तिथल्या टीव्हीला. पुढच्या खोलीत एक स्प्लिटर आधीचाच आहे. वाटणीतून वाटणी झाली की वर येईपर्यंत काय उरणार?"

मला आणि सासूबाईंनाही हे नवीन होतं. मागच्या खोलीत टीव्ही आलाय हे आम्ही पाहिलं होतं, पण त्याची वायर कुठून घेतलीये हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाबा हळूहळू उठले. "म्हणजे माझी वायर कापली?"

"कापली म्हणजे, साहेब..."

"मध्येच कापून जोडली ना? मला न विचारता?"

"हो, पण..."

"काढ तो स्प्लिटर. पुढच्या खोलीतून वेगळी वायर घ्या म्हणावं त्यांना."

अँटेना पिशवीशी खेळत राहिला. "मी नाही काढणार साहेब. तुम्ही एकदा स्वतः जाऊन बघा, मग सांगा मला. तुम्ही म्हणाल तसं करीन."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बाबांचा आवाज चढलेला ऐकला. "बघायचंय काय त्यात? आयुष्यभर त्यानं हेच केलं! समोर येऊन मागायची हिंमत नाही, मागच्या मागे हात मारायचा!" त्यांनी टीव्हीवरची पक्कड उचलली आणि जिन्याकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, थांबा, ऐका," पण ते दोन पायऱ्या उतरलेही होते. सासूबाईंनी मला नुसतं डोळ्यांनी खुणावलं. मी मागे धावले.

ते बोळातून गेले. त्या बोळात त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं. स्कूटरच्या कव्हरवर धूळ आणि वाळकी पानं साचली होती. ते तिला वळसा घालून गेले आणि दार ठोठावलं. काकूंनी दार उघडलं. हाताला तेल लागलेलं, कारण त्या काकांच्या पायाला मालीश करत होत्या. बाबांच्या हातातली पक्कड त्यांनी आधी पाहिली आणि मग चेहरा.

त्या बाजूला झाल्या.

मागच्या खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. खिडकीजवळ पलंग. काका उशांना टेकून अर्धे बसलेले. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. दाढी वाढलेली. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. समोर स्टुलावर एक लहान टीव्ही चालू होता, आणि त्यातही बातम्याच लागलेल्या. भिंतीवर स्प्लिटर खिळ्यानं ठोकलेला, त्यातून निघालेल्या दोन वायरी: एक टीव्हीकडे, एक वर छताकडे.

बाबा दारात थांबले. ज्या नजरेनं माणसांना घाम फुटायचा त्या नजरेनं ते पलंगाकडे बघत राहिले, पण आता घाम त्यांनाच फुटला होता. पक्कड लपवावी की ठेवावी हे त्यांना समजेना.

काका टीव्हीवरून नजर काढून त्यांच्याकडे वळले. शब्द तोंडाच्या एकाच बाजूनं, जड होऊन आले, पण कळले.

"सिग्नलसाठी आलास?"

टीव्हीवर कुठल्यातरी पुलाचं उद्घाटन चाललं होतं. खोटं बोलायची बाबांना सवय नव्हती आणि खरं बोलायला जागा नव्हती. ते वळले आणि निघून गेले. माझ्यामागे काकूंनी दार लावलं. आपटलं नाही, लावलं. ते जास्त लागलं.

वर येऊन ते खुर्चीत बसले. अँटेना शहाणपणानं निघून गेला होता.

"कधी झालं हे?"

सासूबाईंनी सांगितलं. ते नणंदेकडे होते तेव्हाचं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"हिला?" माझ्याकडे बोट. "आणि त्याला?" म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"सगळ्यांना. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला. अँटेनालासुद्धा आज कळलं असेल."

"आणि मला कुणी सांगितलं नाही. माझा सख्खा भाऊ अंथरुणाला खिळलाय, आणि मी वर बसून मॅच बघतोय!"

तेव्हा सासूबाई जे बोलल्या ते इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. "तुम्ही सांगू दिलंत? नाव काढलं की ताट सरकवत होतात. तोंडाला कुलूप तुम्हीच लावलंत ना आमच्या? आता चावी कुठाय म्हणून आम्हाला विचारताय? मी रोज दुपारी चोरासारखी उतरते त्या बोळात. माझ्याच दिराला बघायला. मला लाज वाटत नसेल?"

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या तोंडून शब्द निघाला नाही. पण यावेळी ते जेवायला बसले, ताटातलं सगळं संपवलं, जणू कुणी शिक्षा दिलीये आणि ती भोगायची आहे.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फोरमनसारखंच केलं. अँटेनाला बोलावलं आणि सांगितलं, "वरची वायर काढून टाक. सगळा सिग्नल खाली राहू दे. आम्हाला टीव्ही नको." अँटेनानं डोकं खाजवलं, पण काम केलं. बाबांच्या चेहऱ्यावर मला थोडा हलकेपणा दिसला. त्यांना वाटलं असावं की काहीतरी दुरुस्त झालं.

संध्याकाळ व्हायच्या आत काकू वर आल्या. मी या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदाच जिना चढल्या होत्या. दम लागला होता.

"भावजी, ती वायर परत जोडायला सांगा. ते म्हणतात, मला भीक नको."

"भीक कसली? त्याला टीव्ही नीट दिसावा म्हणून..."

"त्यांना टीव्हीचं काही पडलेलं नाही. मी बसवला तो. दिवसभर भिंतीकडे बघत होते म्हणून. वायर तुमची कापली ती मी, आणि न विचारता कापली तीही मीच. विचारायला कुणाकडे जाणार होते? मला बोला काय बोलायचं ते." त्या थांबल्या. "पण स्वतःचं तोडून दुसऱ्याच्या पदरात टाकायचं आणि वर बसून राहायचं, हे त्यांना चालत नाही. तुम्ही आईंच्या वेळीही असंच केलंत. सगळं स्वतः ठरवलंत."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, बस तरी." काकू बसल्या नाहीत.

त्या गेल्यावर बाबा गॅलरीत उभे राहिले. मी चहा नेला, तो तसाच निवला. मग ते म्हणाले, आणि कुणाला म्हणाले कोण जाणे, "विचारायला हवं होतं. मी विचारतच नाही कधी."

पुन्हा अँटेना आला. बिचारा, जिना चढउतार करून त्याचे गुडघे दुखायला लागले असतील. यावेळी बाबा त्याच्याबरोबर खाली गेले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून काकांना विचारलं, "काय करायचं? तू सांग."

काकांनी डाव्या हातानं भिंतीकडे खूण केली. "बूस्टर लाव." बस चालवणाऱ्या माणसाला यंत्रांचं वावडं नव्हतंच. अँटेना म्हणाला, बरोबर आहे, दोन्ही जुने स्प्लिटर काढू, एक बूस्टर लावू, त्यातून सगळ्यांना सारखा सिग्नल जाईल. फक्त बूस्टरला वीज लागते आणि प्लग याच खोलीत आहे. म्हणजे खाली कुणी बटण बंद केलं की वरचा टीव्ही बंद.

"चालेल," बाबा म्हणाले. मग घाईघाईनं काकूंकडे वळून, "तुला चालेल ना?"

काकू म्हणाल्या, "बंद झाला तर जिना उतरून सांगायचं. आम्हाला वरून हाका मारायच्या नाहीत." त्यांच्या बोलण्याला धार होती, पण त्या बोलल्या.

चित्र लख्ख झालं. वरही, खालीही. पण बाबा रोज बोळातून खाली जायला लागले. "बूस्टर गरम होतो का बघून येतो," म्हणायचे. बूस्टरला काहीही झालेलं नसायचं. काकूंना ते कळत होतं, काकांनाही. बाबा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि दोघं टीव्ही बघायचे. सुरुवातीला तेवढंच. काका त्यांच्याशी बोलत नसत. कधी चॅनल बदलायचा असला तर रिमोट डाव्या हातानं पुढे सरकवायचे. एकदा मी डबा घेऊन गेले तर बाबा काकांची नखं कापत होते, आणि काका दुसरीकडे तोंड करून बसले होते, लहान मुलं न्हाव्याकडे बसतात तसे.

मला वाटलं होतं, आता हळूहळू सगळं विरघळेल. तसं काही घडलं नाही. काही दिवस काका बरे असायचे, बसमधल्या पोरांचे किस्से अडखळत सांगायचे आणि बाबा हसायचे. मग मध्येच एखाद्या दिवशी ते बाबांना बघून डोळे मिटून घ्यायचे, आणि बाबा तासभर मिटलेल्या डोळ्यांसमोर बसून वर यायचे. त्या दिवशी ते कुणाशी बोलत नसत.

आईचा विषय निघाला तो एका दुपारी. मी तिथंच होते, काकूंबरोबर चादर बदलायला गेले होते. टीव्हीवर हॉस्पिटलचं काहीतरी चाललं होतं. काकूंनी चॅनल बदलायला हात पुढे केला, तर काकांनी मानेनं नाही म्हटलं. बाबा पडद्याकडेच बघत म्हणाले,

"तू तेव्हा म्हणालास ते... अजून तसंच वाटतं तुला?"

माझ्या हातात चादरीचं टोक होतं. मी हलले नाही.

काकांनी खूप वेळ घेतला. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, पण हा वेळ त्यासाठी नव्हता.

"कधी कधी," ते म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. "मलाही," ते म्हणाले. "मलाही कधी कधी तसंच वाटतं. रोज नाही. पण वाटतं."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा डावा हात अंथरुणावरून थोडा सरकला आणि बाबांच्या गुडघ्याजवळ येऊन थांबला. गुडघ्यावर ठेवला नाही. जवळ थांबला. काकू चादरीचं दुसरं टोक घेऊन खिडकीकडे वळल्या आणि विनाकारण ती झटकत राहिल्या.

त्यांनी एकमेकांना माफ केलं का, हे मला अनेकांनी विचारलंय. मला माहीत नाही. एवढं मात्र खरं की इतकी वर्षं काका तेच वाक्य खाली बसून गिळत होते आणि बाबा वर बसून. फक्त दोघांना वाटत होतं की दुसऱ्याला शांत झोप लागते.

काकांना दुसरा झटका आला तो सकाळी, बाबा बाजारात गेलेले असताना. ते परत आले तेव्हा फाटकाशी माणसं जमली होती. ते पिशवीसकट तसेच बोळातून धावले. धावताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. गुडघे वाकवून, अवघडल्यासारखे धावत होते. पण सगळं संपलं होतं. खोलीत टीव्ही चालूच होता, बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाबांनी आत जाऊन तो बंद केला आणि खुर्चीत बसले. त्यांच्या खुर्चीत.

नंतर लोक भेटायला येत राहिले, आणि त्यातला एक लांबचा नातेवाईक, स्वभावानं बरा पण जिभेला हाड नसलेला, बाबांना म्हणाला, "शेवटी शेवटी भेट झाली हे काय कमी आहे? गंगेत घोडं न्हालं."

बाबा म्हणाले, "नाही हो. फार उशीर झाला. त्याला अंथरुणावर बघेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही. आणि मी गेलो होतो ते भांडायला." बाबांनी हे पुढेही जो विचारेल त्याला असंच सांगितलं. कधी लपवलं नाही, कधी गोडही केलं नाही.

काकू मुलीकडे राहायला गेल्या. जायच्या दिवशी बाबांनी त्यांची बॅग गाडीपर्यंत नेली. सासूबाई रडत होत्या, मीही. काकू रडत नव्हत्या. गाडीचं दार धरून त्या म्हणाल्या, "भावजी, खरं सांगू? माझ्या मनातून तुमच्यावरचा राग जात नाही. तुम्ही रोज येऊन बसायचात ते मला दिसत होतं. त्यांना बरं वाटायचं तेही दिसत होतं. पण त्याआधीची जी वर्षं गेली ती माझीही गेली. दोघा भावांमध्ये मी आणि या जाऊबाई, दोघी भिंतीसारख्या उभ्या राहिलो. आमचं काय, हे कुणी विचारलंच नाही."

"नको घालवूस राग," बाबा म्हणाले. "तुझा हक्क आहे तो. फक्त मी फोन केला तर उचलत जा."

"बघते," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

बाबा दर आठवड्याला फोन करतात. कधी मुलगी उचलते आणि म्हणते, आई झोपलीये. कधी काकू स्वतः उचलतात आणि दोन वाक्यं बोलून ठेवून देतात. मागच्या वेळी काकूंना सर्दी झाली होती. बाबांनी विचारलं, "औषध काय घेतेस?" त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." मग फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तो कानाला धरून बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"सर्दी आहे तिला," ते म्हणाले. "खोकलाही आहे थोडा. तू कर ना उद्या एक फोन."